शाळेचा अहवाल भर गावसभेत वाचायला लावणारा माणूस : होरेस मॅन



स्मरणिका हाती पडली की आपण प्रथम काय पाहतो? गुणवंत विद्यार्थ्यांचे फोटो पाहतो, आपल्या मुलाचे नाव कोठे छापले आहे का ते शोधतो, जाहिरातींवरून नजर फिरवतो. मधली काही पाने, ज्यांत चिटणिसांचा अहवाल आणि जमाखर्चाचे तक्ते असतात, ती मात्र बहुधा न वाचताच उलटतो. अहवाल म्हणजे संस्थेचा रिवाज, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपल्याला वाटते.

ज्या माणसाने आपल्या आयुष्याची बारा ऐन उमेदीची वर्षे असे अहवाल लिहिण्यात घालवली आणि त्यांच्या बळावर एका राज्यातील शाळांचे रूप पालटले, त्याची ओळख आपल्याला करून द्यावी म्हणून हा लेख. त्याचे नाव होरेस मॅन. अमेरिकेत सार्वजनिक शाळांचा जनक म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

होरेसचा जन्म ४ मे १७९६ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रँकलिन या गावी एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. घरात कष्ट फार आणि पैसा थोडा. टोप्यांसाठी गवताच्या काड्यांच्या वेण्या विणायचे काम घरोघरी चाले. त्या कमाईतून होरेस आपली शाळेची पुस्तके घेई. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत कोणत्याही वर्षी त्याला आठ-दहा आठवड्यांहून अधिक शाळा मिळाली नाही. तेराव्या वर्षी वडील वारले. पुढच्याच वर्षी भाऊ स्टीफन तळ्यात बुडून मरण पावला. त्या दुःखाचा घाव या मुलाच्या मनातून जन्मभर गेला नाही.

एक गोष्ट मात्र त्या गावात चांगली होती. ज्या बेंजामिन फ्रँकलिन यांच्या नावाने हे गाव वसले, त्यांच्याकडे गावकऱ्यांनी प्रार्थनागृहासाठी घंटा मागितली होती. त्यांनी घंटेऐवजी पुस्तके पाठवली. त्या ११६ पुस्तकांवर होरेसची खरी तालीम झाली. पुढे सॅम्युएल बॅरेट नावाच्या गावोगाव फिरणाऱ्या एका शिक्षकाने सहा महिन्यांत त्याची तयारी करून घेतली आणि १८१६ साली तो ब्राऊन विद्यापीठात दाखल झाला. तीन वर्षांनी पहिल्या क्रमांकाचा मान घेऊन तो बाहेर पडला, वकील झाला, विधिमंडळात निवडून आला आणि १८३६ साली राज्याच्या सिनेटचा अध्यक्ष झाला. मधल्या काळात, १८३२ साली, त्याची तरुण पत्नी शार्लट लग्नानंतर दोनच वर्षांत निवर्तली होती.

वकिली उत्तम चाललेली, राजकारणात वरची पायरी गाठलेली, अशा वेळी १८३७ साली राज्याने नवीन शिक्षण मंडळ स्थापन केले आणि त्याचे चिटणीसपद मॅन यांना देऊ केले. पगार बेताचाच. मंडळाला शाळा काढण्याचा, शिक्षक नेमण्याचा किंवा कोणाला हुकूम सोडण्याचा अधिकार नव्हता. माहिती गोळा करायची आणि ती लोकांना सांगायची, एवढेच काम. स्नेह्यांनी त्यांना वेड्यात काढले. मॅन यांनी वकिली बंद केली आणि ते पद पत्करले.

आता त्या काळची व्यवस्था थोडी समजून घ्या. राज्यात सुमारे तीनशे गावे होती आणि प्रत्येक गावाचे लहान लहान शाळा-विभाग पाडलेले होते. त्यांना तिथे डिस्ट्रिक्ट म्हणत. आपल्या जिल्ह्याशी त्याची गल्लत करू नका. हा डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्याकडील एखादी वाडी किंवा मोहल्ला म्हणा ना! प्रत्येक विभागाची एक शाळा. शिक्षक कोण हवा ते विभागाचा निवडलेला माणूस ठरवी आणि तो बहुधा स्वस्तात मिळेल तो शिक्षक घेई. ऐपतदार लोक आपली मुले खाजगी शाळांत घालत. मग राहिलेल्या शाळेची चौकशी कोण करणार?

मॅन यांनी ती चौकशी केली. १८३७ च्या शरद ऋतूत ते परगण्यापरगण्यांतून हिंडले, सभा घेतल्या, शाळांच्या खोल्या स्वतः डोळ्यांनी पाहिल्या. जे पाहिले ते लिहिले. १८३८ साली त्यांनी केवळ शाळेच्या इमारतींवर एक स्वतंत्र अहवाल काढला. काय होते त्यात? रस्त्याच्या अगदी कडेला बांधलेल्या कोंदट खोल्या. पाठ टेकायला आधार नसलेले बाक, आणि तेही इतके उंच की लहान मुलांचे पाय तासन् तास लोंबकळत राहत. एकच शेगडी, तिच्याजवळचे मूल भाजून निघते आणि भिंतीजवळचे गारठते. खिडक्या बंद, हवा कुबट. संडासाची सोय अनेक ठिकाणी नाहीच. मुलाच्या पाठीचा कणा, डोळे आणि फुप्फुसे यांवर याचा काय परिणाम होतो, ते त्यांनी बापाला कळेल अशा भाषेत समजावून सांगितले. मूल सकाळी घरातून निघते ते सुखरूप जागी पोहोचते की नाही, हे जाणून घेण्याचा आईबापाचा हक्क आहे, हा त्या अहवालाचा गाभा होता.

दुसऱ्या वार्षिक अहवालात त्यांनी याहून कडू गोष्ट सांगितली. शाळेत वाचन करणाऱ्या दर बारा मुलांपैकी अकरांना आपण वाचतो त्या शब्दांचा अर्थच कळत नाही! मुले घडाघडा वाचत होती, आईबाप समाधानी होते आणि डोक्यात मात्र काही शिरत नव्हते. पालकहो, आपल्या घरातही हे ताडून पाहण्यासारखे आहे.

या कामाला कायद्याचाही आधार मिळाला. १८३८ च्या कायद्याने प्रत्येक गावाच्या शाळा समितीवर दोन गोष्टींचे बंधन आले. प्रत्येक शाळेत हजेरीपट ठेवायचा. आणि गावातील सर्व शाळांच्या स्थितीचा तपशीलवार अहवाल दरवर्षी लिहून तो भर गावसभेत वाचून दाखवायचा. शाळेचे बरे-वाईट आता चार भिंतींआड राहू शकत नव्हते. शेतकरी, चांभार, सुतार, गाडीवान, सगळ्यांच्या कानावर ते जाणार होते. गावागावांचे अहवाल मॅन यांच्याकडे येत. त्यांतून ते तक्ते तयार करीत आणि पुढे तर कोणते गाव दर मुलामागे किती खर्च करते याची क्रमवारीच छापू लागले. आपल्या गावाचे नाव खाली पाहून लोकांना लाज वाटे. ज्या गावाला कोणी हुकूम करू शकत नव्हते, ते गाव पुढच्या सभेत आपण होऊन शाळेची रक्कम वाढवी.

नोव्हेंबर १८३८ पासून त्यांनी कॉमन स्कूल जर्नल नावाचे पाक्षिकही सुरू केले आणि दहा वर्षे चालवले. शिक्षकाने काय वाचावे, शाळागृह कसे बांधावे, मुलांचे आरोग्य कसे जपावे, असे विषय त्यात असत. दिवसाचे पंधरा-पंधरा तास ते काम करीत.

पण सुरक्षितता एवढाच आईबापांचा प्रश्न नसतो. पोरगं शिकून पुढे काय करणार, हा प्रश्न तेव्हाही होता. त्या काळी कापड गिरण्यांत लहान मुलांना काम मिळे, आणि हातातोंडाची गाठ पडणाऱ्या घराला ती मजुरी मोलाची वाटे. शाळेत पाठवून काय फायदा, असे विचारणाऱ्या बापाला उपदेश करून भागणार नाही हे मॅन यांनी ओळखले. त्यांनी गिरणीमालकांना पत्रे लिहून विचारणा केली आणि आलेली उत्तरे १८४१ च्या पाचव्या अहवालात दिली. मजुरीच्या पावतीवर ज्याला सही करता येते तो कामगार, नुसती खूण करणाऱ्या कामगारापेक्षा जास्त मिळवतो, असे त्यात दाखवले होते. पुढील काळातील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की, मॅन यांनी प्रश्न आपल्याला हवे तसे उत्तर येईल अशा रीतीने विचारले होते आणि फायद्याचा आकडा त्यात फुगला होता. ही उणीव झाकण्याचे कारण नाही. तरीसुद्धा मुलाच्या भवितव्याबद्दल बापाला कोरा आशीर्वाद न देता हिशेब द्यावा, हा त्यांचा विचार आजही खरा आहे.

चांगल्या शाळेला चांगला शिक्षक हवा. म्हणून एडमंड ड्वाइट या व्यापाऱ्याने दिलेले १०,००० डॉलर आणि राज्याने घातलेले तितकेच, यांतून शिक्षकांसाठी नॉर्मल स्कूल काढण्यात आले. ३ जुलै १८३९ रोजी लेक्सिंग्टन येथे ते उघडले तेव्हा विद्यार्थिनी किती होत्या? अवघ्या तीन! मॅन यांनी धीर सोडला नाही.

सत्य सांगणाऱ्याला विरोध ठरलेलाच. १८४० साली शिक्षण मंडळ आणि नॉर्मल स्कूल दोन्ही बंद करण्याचा प्रस्ताव विधिमंडळात आला. तो १८२ विरुद्ध २४५ मतांनी फेटाळला गेला. १८४३ साली मेरी पीबॉडी यांच्याशी विवाह करून मॅन युरोपात गेले आणि तेथील शाळा पाहून आले. छडीविना शिकवता येते असे त्यांनी त्या वर्षीच्या अहवालात लिहिताच बॉस्टनचे ३१ मुख्याध्यापक त्यांच्यावर तुटून पडले. वाद छापून निघाला, आईबापांनी वाचला आणि शाळेत मुलांना किती मार बसतो हा विषय प्रथमच उघड्यावर आला.

१८४८ साली मॅन यांनी ते पद सोडले. तोवर बारा वार्षिक अहवाल लिहून झाले होते. शिक्षणावरील सरकारी तरतूद दुपटीहून अधिक झाली होती, शाळांच्या इमारतींवर वीस लाख डॉलर खर्च झाले होते, पन्नासच्या आसपास नवी हायस्कुले निघाली होती. त्याच वर्षी आपल्या पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली, ही आठवण येथे सहज होते.

मित्रहो, येथवर आपण मॅन यांचा गौरव केला. आता त्यांच्या कामातील एक उणी बाजूही पाहिली पाहिजे, कारण आपल्यासारख्या समाजाला तिच्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांच्या शाळा कोणत्याही एका पंथाच्या नसाव्यात असा त्यांचा आग्रह होता. पण त्या शाळांत बायबल वाचले जाई ते प्रोटेस्टंटांचे. आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिक कुटुंबांना त्या शाळा आपल्या वाटल्या नाहीत. बॉस्टनमधील कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या शाळांत बसवले जाई. मॅन यांनी याविरुद्ध आवाज उठवला नाही म्हणून वेंडेल फिलिप्स या सुधारकाने त्यांच्यावर जाहीर टीका केली. तो भेद राज्यात कायद्याने बंद झाला तो १८५५ साली, आणि त्यासाठी झगडले ते प्रामुख्याने त्या मुलांचे आईबाप. यावरून काय दिसते? शाळेने घरांना माहिती दिली एवढ्याने काम पुरे होत नाही. जी घरे सभेत मागच्या बाकावर बसतात, त्यांचे म्हणणे शाळेच्या कानापर्यंत पोहोचले पाहिजे.

मॅन यांचे पुढचे आयुष्य पाहता त्यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली असे म्हणावे लागेल. अमेरिकन काँग्रेसमध्ये १८४८ पासून ते गुलामगिरीविरुद्ध निर्भयपणे लढले. १८५३ साली ते ओहायो राज्यातील अँटिऑक कॉलेजचे अध्यक्ष झाले. तेथे मुलगे आणि मुली एकत्र शिकत, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनाही दार उघडे होते. कॉलेज कर्जात बुडाले, तरी ते झटत राहिले. १८५९ च्या उन्हाळ्यात पदवीधरांचा निरोप घेताना, माणुसकीच्या बाजूने एखादी तरी झुंज जिंकल्याशिवाय या जगातून जाण्याची शरम वाटावी, असा बोध त्यांनी केला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, २ ऑगस्ट १८५९ रोजी त्यांचे निधन झाले.

पालकहो, आज आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली आहे आणि तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत असे म्हटले आहे.  पालक-शिक्षक संघही आहेत. मॅन यांच्या काळातील गावकऱ्याला जे कायदा करून ऐकवावे लागले, ते विचारण्याची सोय आपल्याला घरबसल्या मिळाली आहे. पण सभेच्या दिवशी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतील तर समिती काय करणार?

म्हणून एवढेच सांगणे आहे. पुढच्या सभेला या. जिन्याला कठडा आहे का, पिण्याचे पाणी स्वच्छ आहे का, मुलींच्या संडासाला कडी आहे का, हे विचारा. मूल वाचते त्याचा अर्थ त्याला समजतो का, आणि दहावीनंतर कोणकोणत्या वाटा आहेत, हेही विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही आणि उत्तर देण्यात कमीपणा नाही. विद्यार्थी मित्रहो, आठ-दहा आठवड्यांची शाळा मिळालेल्या त्या मुलाने ११६ पुस्तकांवर आपले आयुष्य उभे केले. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात त्याहून अधिक पुस्तके आहेत. कपाटाची किल्ली मागून घ्या.

आणि ही स्मरणिका मिटण्यापूर्वी तेवढी अहवालाची पाने वाचून पाहा. ती आपल्यासाठीच छापलेली असतात.