नाशिकने बिनविरोध निवडून दिलेल्या यशवंतरावांनी गरिबांची फी माफ केली होती

गोष्ट १९६३ सालची. नाशिक लोकसभेची पोटनिवडणूक लागली आणि चक्क बिनविरोध झाली. निवडून आले यशवंतराव चव्हाण. खरं तर हा कराडचा माणूस. पण चीन युद्धाच्या धामधुमीत नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं होतं आणि त्यांना लोकसभेत जागा हवी होती. ती नाशिकने दिली.

एवढा विश्वास कुठून आला? त्याचं एक उत्तर त्यांच्या लहानपणात सापडतं.

१२ मार्च १९१३ ला देवराष्ट्रे इथे, आजोळी त्यांचा जन्म झाला. वडील कोर्टात बेलिफ होते, ते प्लेगने लवकर गेले. आई विठाईंना अक्षरओळख नव्हती, तरी पोरांची शाळा त्यांनी सुटू दिली नाही. कराडच्या शाळेत असतानाच, १९३२ मध्ये, यशवंतराव स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही जाऊन आले. वकील झाले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

पुढे ते मुख्यमंत्री झाले. १९५९ मध्ये त्यांच्या सरकारने ठरवलं की, वर्षाचं उत्पन्न ९०० रुपयांच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांची फी माफ. नंतर ही मर्यादा १२०० रुपये झाली. आपण ज्याला ईबीसी म्हणतो, ती हीच सवलत. सरकारी खर्च वाढणार हे उघडच होतं. पण फीच्या दिवसांत घरात काय चालतं, हे मुख्यमंत्र्यांना कुठल्या अहवालातून वाचावं लागणार नव्हतं.

अर्थात, स्वतःचा अनुभव सगळीकडे पुरत नाही. महार वतनं रद्द करणारा कायदा चव्हाणांच्याच काळात झाला. तरीही ज्यांच्याकडे जमिनीचा तुकडाही नव्हता, त्यांच्यासाठी नाशिक जिल्ह्यातल्या आंबे गावच्या दादासाहेब गायकवाडांना १९५९ मध्ये सत्याग्रह करावा लागला. समोर सरकार चव्हाणांचंच होतं. त्या सत्याग्रहींचं जगणं सरकारपर्यंत पोचवायला रस्त्यावरच उतरावं लागलं.

चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ मध्ये, नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. नाशिककर आजही त्याचं श्रेय त्यांना देतात. २५ नोव्हेंबर १९८४ ला ते गेले. पाच वर्षांनी नाशिकमध्ये त्यांच्या नावाने मुक्त विद्यापीठ सुरू झालं. ज्यांची शाळा मध्येच सुटली होती, अशा कितीतरी जणांनी तिथून पदवी घेतली.