उनाड वर्गाचे गुरुजी : जेम्स नेस्मिथ



बास्केटबॉलचा खेळ आपल्यापैकी काहींनी तालुक्याच्या हायस्कूलमध्ये पाहिला असेल. दोन्ही टोकांना उंच खांब, खांबावर फळी, फळीला लोखंडी कडे आणि कड्याला जाळी. चेंडू वरून जाळीत पडला की गुण. हा खेळ कोणी शोधला आणि का शोधला, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. तो एका गुरुजींनी शोधला. वर्ग काही केल्या ऐकेना, म्हणून शोधला!

यंदा केंद्राच्या क्रीडास्पर्धांसाठी दुसरी-तिसरीच्या मुलांना खो-खो शिकवायचे काम आम्हा सातवीच्या मुलींकडे आले. मुले रांगेत बसत नाहीत, मध्येच उठून पळतात, खो देताना पाठीत दणका घालतात. ही तक्रार घेऊन मी बाईंकडे गेले. बाई हसल्या. त्यांनी मला जेम्स नेस्मिथ यांची गोष्ट सांगितली. ती मला इतकी आवडली, की सगळ्यांना वाचायला मिळावी म्हणून येथे लिहीत आहे.

जेम्स यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील अल्मोंट गावाजवळ झाला. १८७० साली विषमज्वराची साथ आली आणि त्यात आई-वडील दोघेही गेले. छोटा जेम्स पोरका झाला. मामाने त्याला सांभाळले. मामा कडक शिस्तीचा. शेतीची कामे, घोडे, लाकडे, सगळे पोराला करावे लागे. पुढे जेम्सने शाळा सोडली आणि तो जंगलात लाकूडतोडीच्या कामाला गेला. काही वर्षांनी त्याला वाटले, आपण शिकले पाहिजे. मग तो मोठेपणी परत शाळेत जाऊन बसला! लाज धरली नाही. १८८३ साली तो मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात दाखल झाला.

तेथे ते धर्मोपदेशक होण्यासाठी शिकत होते. पण खेळही सोडत नव्हते. खेळणे हा रिकामटेकडेपणा, असे त्या काळी पुष्कळ धर्मभोळ्या लोकांना वाटे. नेस्मिथना मात्र वेगळेच दिसत होते. मैदानावर रागावर ताबा ठेवणारा मुलगा बाहेरही नीट वागतो. तेव्हा प्रवचनातून जे शिकवायचे, ते खेळातूनही शिकवता येईल, असे त्यांनी मनाशी धरले. १८९० साली ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे गेले. तेथे वाय.एम.सी.ए. या संस्थेची शिक्षक तयार करणारी शाळा होती. पुढे मुलांना खेळ शिकवायला जे तरुण जाणार, ते येथे शिकत.

आता खरी गंमत पुढे आहे. स्प्रिंगफील्डला हिवाळ्यात बर्फ पडते. मैदान बंद. मग तरुणांना व्यायामशाळेत नेऊन कवायत करून घेत. हात वर, हात खाली, रोज तेच. अठरा जणांचा एक वर्ग याला इतका कंटाळला, की दोन शिक्षकांनी त्याच्यापुढे हात टेकले. तेव्हा मुख्य ल्यूथर ग्युलिक यांनी तो वर्ग नेस्मिथ यांच्याकडे दिला. आत खेळता येईल असा नवा खेळ काढा, म्हणून चौदा दिवसांची मुदतही दिली.

नेस्मिथनी आधी बाहेरचे खेळ आत आणून पाहिले. अमेरिकन फुटबॉल खेळवला, तर लाकडी जमिनीवर आपटून हातपाय मोडायची वेळ आली. पायाने खेळायचा फुटबॉल आणला, तर खिडक्यांची धडगत राहिना. जाळीच्या काठीने खेळायचा लॅक्रॉस आणला, तर अरुंद जागेत काठ्या तोंडावर बसू लागल्या. मुदत संपत आली. आणखी एखाद्याने मुलेच वाईट म्हणून सोडून दिले असते. नेस्मिथ यांचे म्हणणे असे, की मुले चांगली आहेत, त्यांना दिलेला खेळ कमी पडतो आहे.

मग ते शांत बसले आणि एकेका खेळाचा विचार करू लागले. चेंडू मोठा असला, तर काठीची गरज नाही आणि नवख्यालाही तो धरता येईल. दांडगाई कधी होते? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवताना. तर मग चेंडू घेऊन पळायचेच नाही! राहिला गोल. तो जमिनीवर उभा असला, तर जो तो जीव खाऊन चेंडू मारणार. येथे त्यांना लहानपणचा एक खेळ आठवला. आपल्या लगोरीची आठवण व्हावी असा तो खेळ आहे. मोठ्या धोंड्यावर एक दगड ठेवायचा आणि लांबून आपला दगड फेकून तो पाडायचा. नेम चुकला, तर पहारेकऱ्याने शिवण्याआधी आपला दगड उचलून परत यायचे. जोरात फेकलेला दगड लांब जातो आणि फेकणारा सापडतो. वरून अलगद टाकलेला दगड जवळच पडतो. म्हणजे ताकदीपेक्षा नेम बरा. झाले, कोडे सुटले! गोल आडवा करून डोक्याच्या वर टांगायचा. मग चेंडू अलगदच टाकावा लागेल.

त्यांनी शाळेच्या शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती. पीच नावाच्या फळाच्या दोन टोपल्या मिळाल्या. सज्जाच्या कठड्याला त्या ठोकल्या. तो कठडा दहा फूट उंच होता, म्हणून आजही कडे दहा फुटांवरच असते. तेरा नियम लिहून फळ्यावर लावले. ढकलणे, धरणे, पाय घालणे, मारणे मना. एकाच खेळाडूने दुसऱ्यांदा असे केले, तर पुढचा गोल होईपर्यंत त्याने बाहेर बसायचे आणि त्याच्या जागी दुसरा घ्यायचा नाही. मुद्दाम इजा केली, तर पूर्ण खेळभर बाहेर.

२१ डिसेंबर १८९१ रोजी नऊ-नऊ जणांचे दोन संघ खेळले. अठरा मुले, अठराही मैदानात. एकही कडेला बसलेला नाही! पूर्ण खेळात गोल झाला एकच. टोपलीला बूड होते, त्यामुळे चेंडू काढायला वर चढावे लागे. पण वर्ग खूश झाला. वर्गातल्या फ्रँक महान नावाच्या मुलाने खेळाला गुरुजींचे नाव द्यायचे सुचवले. गुरुजींनी हसून ते नाकारले. मग त्यानेच टोपली आणि चेंडू यांवरून बास्केटबॉल हे नाव सुचवले. मुले नाताळच्या सुट्टीत गावोगाव गेली आणि खेळ पसरला. शेजारच्या शाळेतील शिक्षिकांनी आम्हालाही शिकवा म्हटले. त्या काळी बायकांनी धावणे लोकांना रुचत नसे, तरी नेस्मिथनी त्यांना शिकवले.

पुढे ते डॉक्टर झाले आणि १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात व्यायाम शिकवू लागले. तेथे त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. होय, खेळ शोधणाराच जास्त वेळा हरला! सामना जिंकण्यापेक्षा मुलगा घडतो की नाही, याकडे त्यांचे लक्ष असे. १९३३ साली जॉन मॅक्लेंडन नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी तेथे आला. रंगामुळे त्याला विद्यापीठाच्या संघात खेळू देत नसत. म्हाताऱ्या नेस्मिथनी त्याला हाताशी धरले आणि खेळ कसा शिकवावा हे शिकवले. हाच मॅक्लेंडन पुढे मोठा नामांकित प्रशिक्षक झाला.

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल आला. नेस्मिथ यांच्या प्रवासासाठी प्रशिक्षकांनी वर्गणी काढली. वीसहून अधिक देशांचे संघ त्यांच्या डोळ्यांदेखत खेळले. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. या खेळातून त्यांनी स्वतःसाठी पैसा केला नाही.

ही गोष्ट ऐकल्यावर आम्ही आमच्या चिमुकल्यांसाठी दोनच नियम केले. खो देताना ढकलले, तर पुढचा गडी बाद होईपर्यंत बाहेर बसायचे. आणि सरावात प्रत्येकाला, अगदी बुटक्या नि हळू पळणाऱ्यालाही, पाठलागाची पाळी मिळायची. आता रांग बरीच सरळ बसते.

पालकहो, एक विनंती आहे. संध्याकाळी सरावाला थांबलेल्या मुलीला हाक मारून नेऊ नका. पाणी थोड्या वेळाने भरले तरी चालेल. आणि तुमचा मुलगा कडेला उगाच उभा दिसला, तर त्याला खेळता येत नाही असे म्हणण्याआधी, त्याला खेळायला कोणी घेतले होते का, एवढे जरूर विचारा.