राजा सर टी. माधवराव : अधिकार आणि मोकळीक

एकोणिसाव्या शतकातील संस्थानी कारभारात दिवाणाचे पद जितके वैभवाचे तितकेच परावलंबी होते. राजाची मर्जी हाच त्याचा खरा आधार असे. हे पद तीन संस्थानांत भूषविणाऱ्या टी. माधवरावांचे चरित्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

त्यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम येथे एका तंजावरी मराठी देशस्थ घराण्यात झाला. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेले होते. मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल यांच्या हाताखाली गणित व पदार्थविज्ञान यांत प्रावीण्य मिळविल्यावर माधवरावांनी काही काळ अकौंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी केली. १८४९ मध्ये ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि १८५८ मध्ये, वयाच्या तिशीत, दिवाण. मिरी व तंबाखू यांच्या सरकारी मक्तेदाऱ्या त्यांच्या कारकीर्दीत उठल्या आणि डबघाईस आलेली तिजोरी सावरली. १८६६ मध्ये सरकारने त्यांना सर हा किताब दिला. परंतु ज्या आयिल्यम तिरुनाळांना त्यांनी शिकविले, तेच आता त्यांचे धनी होते. उभयतांत बेबनाव झाला आणि १८७२ मध्ये माधवरावांनी पद सोडले.

पुढे १८७३ ते १८७५ पर्यंत ते इंदूरला होळकरांचे दिवाण होते. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर १८७५ मध्ये बडोद्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. सयाजीराव अल्पवयीन असल्याने सत्ता जवळजवळ संपूर्णपणे त्यांच्या हाती होती. याच काळात त्यांनी सयाजीरावांपुढे राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती मायनर हिंट्स या ग्रंथात संगृहीत आहेत. राजाने स्वतःच्या लहरीला कायद्याची मर्यादा घालावी, हे त्यांचे मुख्य सूत्र. त्रावणकोरचा अनुभव ध्यानी घेता त्याचा आणखी एक अर्थ लागतो : धनी नियमाने बांधला गेला, तरच सेवक मोकळा राहतो. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांना पूर्णाधिकार मिळाले आणि पुढल्याच वर्षी माधवराव बडोद्यातून निवृत्त झाले.

उरलेले आयुष्य त्यांनी वेलचेरीहून फारशा दूर नसलेल्या मैलापुरात व्यतीत केले. स्पेन्सरचे वाचन, तसेच नेटिव्ह थिंकर या टोपणनावाने वृत्तपत्रांतून लेखन, असा त्यांचा क्रम होता. १८८७ च्या मद्रास काँग्रेसच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. मात्र मतभेद होताच १८८९ मध्ये तिच्यापासूनही ते दूर झाले. व्हाइसरॉयच्या विधिमंडळातील जागा त्यांनी प्रकृतीच्या कारणाने नाकारली. ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे निधन झाले.

पद आणि मोकळीक यांचा मेळ त्यांना एकदाच कायमचा घालता आला, असे म्हणता येत नाही. निवृत्तीनंतरही त्यांना टोपणनावाचा आडोसा सोयीचा वाटला, ही गोष्ट बोलकी आहे. तथापि पद सोडण्याची तयारी त्यांनी पद भोगतानाच जपली होती. आणि जी मोकळीक आपल्याला राजीनामा देऊन मिळवावी लागली, ती पुढच्या कारभाऱ्यांना कायद्याने लाभावी, हा त्यांचा प्रयत्न बडोद्याच्या व्याख्यानांत दिसतो.