रुडेल : ३० वेळा पडलेला वैमानिक

हान्स-उलरिख रुडेल हा दुसऱ्या महायुद्धातला जर्मन स्टुका वैमानिक. त्याच्या नावावर २५३० मोहिमा आहेत. ३७ मिमीच्या दोन तोफा लावून तो रशियन रणगाडे फोडायचा. पण नेम साधायला खाली, हळू आणि सरळ उडावं लागे, आणि तिथेच विमानविरोधी तोफा त्याला गाठत. तो सुमारे ३० वेळा पडला, दरवेळी जमिनीवरच्या माऱ्यानेच. फेब्रुवारी १९४५ मध्ये उजवा पाय गेला, तरी तो पुन्हा उडाला. १९८२ मध्ये वारला, शेवटपर्यंत कट्टर नाझी.

मी सॉफ्टवेअरवाला. त्याचे आकडे बघून मला वाटलं, स्टुका भक्कमच असणार! मग चूक लक्षात आली : पहिल्याच माऱ्यात जे संपले, त्यांची नोंद या आकड्यात नाहीच.