८८ विरुद्ध २

७ ऑगस्ट १९६४. अमेरिकेच्या सिनेटमध्ये मतं मोजली: ठरावाच्या बाजूने ८८, विरोधात २. टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामने आपल्या जहाजांवर हल्ले केले, असं सांगून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी लष्करी कारवाईची मोकळीक मागितली होती. ‘नाही’ म्हणणाऱ्या दोघांतले एक, ओरेगनचे वेन मोर्स.

हे मूळचे कायद्याचे प्राध्यापक. स्वभाव महाहट्टी. रिपब्लिकन पक्ष सोडल्यावर १९५३ मध्ये सभागृहाच्या मधल्या वाटेत खुर्ची टाकून बसले! पुढे डेमोक्रॅट झाले, आणि आता भांडण स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांशी.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. व्हिएतनाममध्ये चाललंय ते यादवी युद्ध. त्यात आपली पोरं कशाला मरायला पाठवायची? शिवाय युद्ध पुकारायचा अधिकार घटनेने संसदेला दिलाय, तो असा परस्पर देऊन कसा टाकता? समोरच्यांना भीती होती, की दक्षिण व्हिएतनाम पडलं तर शेजारचे देशही एकामागोमाग कम्युनिस्टांकडे जातील. भीती अगदीच खोटी नव्हती. खोटा निघाला तो ४ ऑगस्टचा हल्ला. तो झालाच नव्हता, हे खूप नंतर स्पष्ट झालं.

मोर्स मग कॉलेजा-कॉलेजांत जाऊन बोलत राहिले. १९६८ मध्ये पाच लाखांवर अमेरिकी सैनिक व्हिएतनाममध्ये होते, तेव्हा मोर्स साडेतीन हजारांहून कमी मतांनी सीट हरले. ठराव १९७१ मध्ये रद्द झाला. १९७४ मध्ये ते पुन्हा उभे राहिले, वय ७३. प्रचार चालू असतानाच गेले.