ब्लेझ पास्कल आणि काट्याचा चमत्कार

कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण पदार्थविज्ञानाच्या तासाला पाठ करतो. १९७१ साली दाब मोजण्याच्या एककासही पास्कल हेच नाव देण्यात आले. परंतु हा गृहस्थ केवळ शास्त्रज्ञ नव्हता. त्याच्या सख्ख्या भाचीचा डोळा एका स्पर्शाने बरा झाला, असे तत्कालीन धर्माधिकाऱ्यांनी जाहीर केले. आणि तो स्वतः मात्र जन्मभर दुखणेकरीच राहिला. ही हकीकत वर्गात सांगितली की मुले आम्हांस हमखास विचारतात, की ज्या देवाने भाचीस बरे केले त्याने मामास का केले नाही? ज्यांच्या घरी दीर्घ दुखणे आहे अशा आईबापांच्या मनातही हाच प्रश्न घर करून असतो. म्हणून यंदा ह्या पुरुषाचे चरित्र सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

ब्लेझ पास्कल ह्याचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्स देशातील क्लेरमाँ गावी झाला. तो तीन वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. थोरली झिल्बेर्त, मधला ब्लेझ व धाकटी झाकलीन अशा तिघा लेकरांचे संगोपन वडील एतिएन ह्यांनी केले. ते सरकारी अधिकारी असून गणितात निष्णात होते. मुलाने आधी भाषा शिकाव्या म्हणून त्यांनी गणिताची पुस्तके दृष्टीआड ठेविली. परंतु बाराव्या वर्षी मुलगा जमिनीवर कोळशाने आकृत्या काढून भूमितीचे सिद्धान्त आपले आपण शोधीत असलेला त्यांस आढळला. सोळाव्या वर्षी त्याने शंकुच्छेदांवर निबंध लिहिला. पुढे रूआँ शहरी वडिलांस करवसुलीचे किचकट हिशेब करावे लागत, तो त्रास वाचावा म्हणून एकोणिसाव्या वर्षी त्याने गणकयंत्राची रचना आरंभिली. मात्र अठराव्या वर्षापासून एकही दिवस त्याचा दुखण्यावाचून गेला नाही, असे झिल्बेर्त हिने लिहून ठेविले आहे.

१६४६ च्या जानेवारीत वडील बर्फावर घसरून पडले व त्यांच्या मांडीचे हाड दुखावले. हाडे बसविण्यात कुशल असे दोघे भाऊ तीन महिने त्यांच्या घरी राहिले. त्यांच्या भाविक आचरणाचा व त्यांनी दिलेल्या धर्मग्रंथांचा सर्व कुटुंबावर परिणाम झाला. तरी पास्कलने शास्त्र सोडले नाही. हवेला वजन आहे व त्यामुळेच नळीतील पारा उंच राहतो, हे पडताळण्याकरिता १९ सप्टेंबर १६४८ रोजी त्याच्या सांगण्यावरून झिल्बेर्तचे पती फ्लोरँ पेरिये प्वी द दोम नामक डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन चढले. वर जावे तसा पारा उतरत गेला. नुसत्या ऐकीव गोष्टीवर विसंबणारा मनुष्य पास्कल नव्हता, हे पुढील वृत्तान्त वाचताना ध्यानात असू द्यावे.

वडील १६५१ साली निवर्तले व पुढल्याच वर्षी झाकलीन पॅरिस येथील पोर्ट रॉयल मठात दाखल झाली. पास्कल मात्र काही काळ सरदार-दरकदारांच्या मंडळींत रमला. त्याचे मन तृप्त होईना. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री सुमारे दोन तास त्यास देवाच्या सान्निध्याचा असा उत्कट अनुभव आला की, त्याचे टाचण त्याने चर्मपत्रावर लिहून आपल्या अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेविले. हयातीत ही गोष्ट त्याने कोणास कळू दिली नाही. मृत्यूनंतर ते एका नोकराच्या हाती लागले.

पोर्ट रॉयलवर त्या काळी मोठे संकट होते. मनुष्य स्वतःच्या पुण्याने नव्हे, तर केवळ देवाच्या कृपेने तरतो, ह्या शिकवणीवर तेथील मंडळींचा विशेष भर असे. त्यांस जान्सेनिस्ट म्हणत. ह्या शिकवणीने मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्यास बाध येतो, असा जेझुइट धर्मगुरूंचा आक्षेप होता. १६५६ च्या आरंभी मठाचा कैवारी आंत्वान आर्नो ह्यास सोर्बोन विद्यापीठाने दोषी ठरविले, आणि मार्च महिन्यात मठाच्या आश्रयाने राहणाऱ्या विद्वानांस तेथून निघून जावे लागले. पास्कल टोपणनावाने पत्रे छापून त्यांची बाजू लढवीत होता. परंतु राजसत्ता विरुद्ध पक्षाकडे होती.

अशा वेळी २४ मार्च १६५६ रोजी ती घटना घडली. झिल्बेर्तची दहा वर्षांची मुलगी मार्गरीत मठाच्या शाळेत राहत असे. तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात साडेतीन वर्षे नासूर वाहत होता. दुर्गंधीमुळे तिला इतर मुलींपासून दूर ठेवावे लागे. औषधे थकली, तापल्या लोखंडाचा डाग देण्याचे शस्त्रवैद्याने ठरविले. त्या दिवशी प्रभू येशूच्या काटेरी मुकुटातील म्हणून मानलेला एक काटा दर्शनासाठी मठात आणिला होता. एका मठवासिनीने त्या काट्याचा करंडा मुलीच्या डोळ्यास लाविला. त्याच सायंकाळी मुलीने आपले दुखणे गेल्याचे सांगितले. मावशी झाकलीन हिने पत्राने आईस ही वार्ता कळविली. आठ दिवसांनी शस्त्रवैद्य आला, तो डाग देण्यासारखे काहीच उरले नव्हते. नंतर अनेक वैद्यांनी मुलीस तपासून साक्षी दिल्या, आणि २२ ऑक्टोबर १६५६ रोजी पॅरिसच्या धर्माधिकाऱ्यांनी हा चमत्कार खरा असल्याचा निर्णय दिला.

पुण्यावशेषांविषयी ख्रिस्ती पंथांत एकमत नाही, आणि आजचा वैद्य ह्या घटनेची निराळी उपपत्तीही लावील. आम्हांस येथे सांगावयाचे ते वेगळेच. मुलगी बरी झाली हे दोन्ही पक्षांस मान्य होते; वाद पडला तो अर्थाविषयी. मठाचे स्नेही म्हणू लागले की, देवाने स्वमुखे आपला न्याय दिला. विरोधक म्हणाले की, चुकलेल्यांस सन्मार्गावर बोलावण्यासाठीच देवाने ही खूण दाखविली. एकाच आश्चर्यातून प्रत्येकाने आपल्या सोयीचा अधिकार काढिला. मठावरील कारवाई काही काळ स्थगित झाली एवढे खरे.

पास्कलचा आनंद तर गगनात मावेना. त्याने आपली मोहोर बदलून तीवर काटेरी मुकुटात वेढलेला डोळा कोरविला. चमत्कारांविषयी तो टिपणे लिहू लागला, व त्यांतूनच ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ एक मोठा ग्रंथ लिहिण्याची कल्पना त्यास सुचली. परंतु विचार करता करता त्याच्या ध्यानात आले की, चमत्काराने शिकवणीची पारख होते खरी, पण शिकवणीवाचून चमत्काराचीही पारख होत नाही.

पुढील वर्षांनी त्याची कसोटी पाहिली. १६५७ साली त्याची पत्रे रोमने निषिद्ध ठरविली. १६५९ पासून तो इतका खंगला की सलग काम करणे अशक्य झाले. १६६१ साली मठावरील छळ पुन्हा सुरू झाला. शाळेतील मुलींस बाहेर काढण्यात आले. मनाविरुद्ध एका धर्मपत्रावर सही करावी लागल्याच्या दुःखात झाकलीन त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारली. ज्या मठात काट्याने डोळा बरा झाला, त्या मठास दुसरा चमत्कार वाचवावयास आला नाही.

मग पास्कलचा विश्वास डळमळला काय? नाही. आजाराचा सदुपयोग व्हावा म्हणून देवास करावयाची एक प्रार्थना त्याने लिहिली आहे. तीत त्याने आरोग्यही मागितले नाही व मरणही मागितले नाही. आपणांस हितकर काय ते देवच जाणतो, म्हणून निवड त्याने देवावर सोपविली. १६६२ साली पॅरिसमध्ये ठरावीक मार्गाने धावणाऱ्या भाड्याच्या गाड्या त्याच्या कल्पनेने सुरू झाल्या; त्यांतील आपली मिळकत त्याने गरिबांकरिता योजिली. घरी त्याने एका गरीब कुटुंबास आसरा दिला होता. त्यांच्या मुलास देवी आल्या, तेव्हा त्या मुलास हलविण्याऐवजी स्वतः मरणोन्मुख असलेला पास्कलच घर सोडून बहिणीकडे गेला. आपणांस इतकी शुश्रूषा मिळते तर एखाद्या गरीब रोग्यासही तशीच मिळावी, म्हणून त्यास आपल्या शेजारी आणून ठेवा, असा त्याने आग्रह धरिला. १९ ऑगस्ट १६६२ रोजी, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याने देह ठेविला. अपुऱ्या ग्रंथाची टिपणे १६७० साली प्रसिद्ध झाली. १७०९ मध्ये खेड्यातील पोर्ट रॉयलच्या उरलेल्या मठवासिनींस पांगविण्यात आले व लवकरच ती इमारत जमीनदोस्त झाली. मार्गरीत मात्र १७३३ पर्यंत, सत्त्याऐंशी वर्षे जगली.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. मार्काच्या शुभवर्तमानात प्रभू येशू पक्षाघाती मनुष्यास आधी पापांची क्षमा देतो व मग उठवितो. बरे करणे ही त्याच्या अधिकाराची खूण होय, त्या अधिकाराची सीमा नव्हे. जन्मांधाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा त्याने तो प्रश्नच अमान्य केला. प्रेषित पौलाच्या शरीरातही एक काटा होता. तीनदा विनविले तरी तो निघाला नाही, परंतु कृपा पुरी पडली. म्हणून ज्यांच्या घरी दुखणे हटत नाही, त्यांस विश्वास उणा पडला असे कोणी म्हणू नये, व त्यांनीही तसे मनास लावून घेऊ नये. वैद्याकडे जावे, प्रार्थना करावी, आणि शेजारच्या रोग्यास विसरू नये. एका काट्याने भाचीचा डोळा निवाला. दुसरा काटा मामाने जन्मभर वाहिला. देवाचा हात दोहोंवरही होता, असे आम्ही मानतो.