कै. रेव्ह. नारायण वामन टिळक

ज्यांची भजने आपल्या मंडळ्यांतून आपण मोठ्या प्रेमाने गातो, त्या कै. रेव्ह. नारायण वामन टिळक यांचे अल्पचरित्र आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहो. परधर्मीय शेजाऱ्यास सुवार्ता कोणत्या रीतीने सांगावी, हा प्रश्न खेड्यातील प्रत्येक उपदेशकास पडतो. टिळकांच्या आयुष्यक्रमात त्याचे पुष्कळसे उत्तर आहे.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुळात झाला. काव्याची गोडी त्यांस मातेपासून लाभली व नाशिक येथे त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. देशबांधवांच्या उद्धाराची तळमळ त्यांस लहानपणापासून होती. परंतु मनास शांती नव्हती.

१८९३ साली नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात असता डब्यात एका गृहस्थाची गाठ पडली. त्याने वाद घातला नाही, की टिळकांच्या पूर्वजांच्या धर्माची निंदा केली नाही. ममतेने संभाषण करून त्याने नव्या कराराचे एक पुस्तक त्यांच्या हाती दिले व ते वाचण्याचे वचन घेतले. टिळक वचनास जागले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते आले, आणि पुस्तक खाली ठेववेना. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मिशनच्या देवळात रेव्ह. तुकाराम नथोजी या एतद्देशीय पाळकाच्या हातून त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निश्चयाची किंमत जबर होती. आप्तेष्ट तुटले, पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा मुलगा दत्तू हे दुरावले. तरी पत्नीवर धर्माच्या बाबतीत टिळकांनी बळजोरी केली नाही. सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाई स्वतः विचार करून, जातिभेद मनातून टाकून, प्रभूकडे आल्या. १९०० साली राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्यांच्या घरात अद्याप कोणी विश्वासाबाहेर आहे, त्यांनी ही गोष्ट ध्यानी धरावी.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व राहुरी या भागात टिळकांनी दीर्घकाळ सेवा केली. तेथील बहुतेक ख्रिस्ती बांधव गावकुसाबाहेर लोटलेल्या समाजांतील होते. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानावा असे टिळकांस बाळपणी शिकविले गेले, त्यांसच त्यांनी आपले भाऊ मानिले. जो स्वतः जातीचा अभिमान सोडीत नाही, त्याच्या तोंडची सुवार्ता कोण ऐकणार?

दुसरी गोष्ट भाषेची. कृष्णराव सांगळे यांनी टिळकांपूर्वी देशी चालींवर गीते रचिली होती, तरी परकी चालींची भाषांतरित गीते मंडळ्यांत पुष्कळ चालत. टिळकांनी अभंग, ओवी, पदे व कीर्तन या द्वारे ख्रिस्ताची कथा लोकांस सांगितली. तुकोबांच्या अभंगांनी आपणांस ख्रिस्ताकडे येण्याची वाट करून दिली असे ते मोकळेपणी कबूल करीत. परदेशी पेहराव केलेला ख्रिस्त आमच्या कुणब्यास परका वाटतो. तोच टाळ-वीणेच्या साथीने घरी आला, तर ओसरीवर त्यास बसावयास घोंगडी मिळते.

१९०४ साली टिळकांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले, असे सर्व ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, हा त्यांचा हेतु होता. हा मार्ग सर्वांस रुचला नाही, व बाप्तिस्म्याचे महत्त्व आम्हीही कमी लेखीत नाही. तथापि दाराशी उभ्या असलेल्या जिज्ञासूस आत येऊ द्यावे, ही त्यांची कळकळ निःसंशय ख्रिस्ताची होती. ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे ते प्रभूच्या विसाव्यात गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले.

बंधुभगिनींनो, आगगाडीतील त्या गृहस्थाने एक पुस्तक दिले व थोडे गोड भाषण केले. पीक देवाने आणिले. आपल्या शेजारी विठोबाचा वारकरी असेल, मुसलमान मोमीन असेल, किंवा बुद्धाच्या मार्गाने जाणारा आपलाच भाऊबंद असेल. त्याच्या श्रद्धेचा उपहास करू नये. त्याच्या सुखदुःखात आधी जावे, त्याच्या बोलीत बोलावे, आणि पेरून झाल्यावर धीर धरावा. अशी सेवा करण्यास प्रभु आपणां सर्वांस साहाय्य करो.